चोराची जागा रिकामी आहे

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यात ग्रामसेविका म्हणून माझी बदली झाली, तेव्हा सोबत न्यायच्या वस्तूंची यादी त्रेचाळीस कलमांची होती. ती सगळी कलमं मालऑटोतून उतरवून, एकेकावर बरोबरची खूण करून मी कंबर सरळ केली, तर घरमालक एक छापील पोचपावती घेऊन समोर उभे. तिच्यावर त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं : 'भाडेकरू एक, सामानासह, सुस्थितीत मिळाले.' खाली सही. मग त्यांनी खिशातून रबरी शिक्का काढला, शाईच्या गादीवर दोनदा दाबला आणि तारीख उठवली.

"एक प्रत तुमच्याजवळ राहू द्या, मॅडम," ते म्हणाले. "उद्या कोनी विचारलं का पोचल्या का नाई, त दाखवता येते."

यादी करणाऱ्या बाईला याहून चांगला घरमालक मिळाला नसता.

गाव त्यांना डाकबाबू म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणते. चाळीसेक वर्षं गावचं शाखा पोस्ट त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत होतं आणि आसपासच्या पाच गावांचं टपाल ते सायकलवर वाटत. ते निवृत्त झाल्यावर पोस्ट ग्रामपंचायतीच्या इमारतीत गेलं आणि ती खोली मला मिळाली. लोकांना सवय सुटायला वेळ लागला. पहिल्या महिन्यात माझ्या खिडकीतून दोन पोस्टकार्डं आणि एक विजेचं बिल आत पडलं. एकदा मी भाकरी थापत असताना एक म्हातारबुवा गजाआडून मला 'पाच रुपयाचं तिकीट' मागत बराच वेळ उभे होते.

तारखेच्या शिक्क्यातून डाकबाबूंच्या घरातलं काहीच सुटत नसे. लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी आणि तिच्यावर शिक्का. नव्या झाडूच्या दांड्यावर शिक्का. गाय व्याली तर वासराच्या गळ्यातल्या पुठ्ठ्यावर शिक्का. हा शिक्का सरकारी नाही, स्वतः गोंदियाहून बनवून आणला आहे, हे ते न विचारता सांगत. सकाळी दहाच्या ठोक्याला रिकामी खाकी पिशवी खांद्याला लावून ते पाच गावांची फेरी करून येत. वाटायला काहीच नसायचं. "पाय विचारतात, काऊन नाई निघाले म्हनून," असं त्याचं कारण.

दोन गोष्टींसाठी त्यांची ख्याती होती. एक म्हणजे पोटात ठेवणं. ज्यांना वाचता येत नसे त्यांची पत्रं चाळीस वर्षं त्यांनीच वाचून दाखवली आणि उत्तरंही त्यांनीच लिहिली. कोणाचा मुलगा सुरतेला रुसून गेला, कोणाची सून माहेराहून का येत नाही, सगळं त्यांना ठाऊक. पण एक शब्द बाहेर नाही. कोणी खोदून विचारलंच, तर म्हणत, "ते टपालात येते." हे वाक्य इतकं अंगवळणी पडलं होतं की आज भाजी काय केली असं मी विचारलं तरी तेच उत्तर यायचं.

दुसरी गोष्ट, खोटं न लिहिणं. एका बाईला मुलानं पत्रातून लिहिलं होतं की म्हैस वीक आणि मला मोटरसायकल घेऊन दे. बाई म्हणाली, "लिवा जी, म्हैस मेली म्हनून." डाकबाबूंनी पेन खाली ठेवलं. म्हैस दारात उभी राहून त्यांच्याकडेच पाहत होती. शेवटी पत्र गेलं ते असं : 'म्हैस जिवंत आहे. तुला देणार नाही.' बाईला वाचून दाखवलं तेव्हा ती खूश झाली. तिला हेच म्हणायचं होतं, फक्त धीर होत नव्हता.

असा माणूस कादंबरी लिहील, आणि तीही शोधपथकाची, हे कोणाच्या डोक्यातही आलं नसतं.

झालं असं की त्यांच्या ओसरीवर मोबाइलचं नेटवर्क चांगलं यायचं, म्हणून दहावी-अकरावीची पोरं तिथं जमत. त्यातली समोरच्या धानगिरणीवाल्याची धाकटी मुलगी, चेतना, शाळेच्या वाचनालयातून रहस्यकथा आणून वाचायची. एक दिवस डाकबाबूंनी तिच्या हातातलं पुस्तक घेतलं, दोन दिवसांत संपवलं आणि परत देताना म्हणाले, "यातले पोट्टे सुट्टीत बंगल्यावर जातात, तिथं चोर सापडते. आपल्याकडे बंगला नाई म्हनून चोर बी नाई का? आपल्या पोट्ट्यायनं काऊन नाई शोधावं?"

"मग लिहा तुम्हीच," चेतना म्हणाली.

त्यांनी लिहायला घेतलं. तीन पोरं, त्यांची म्होरकी चेतनासारखीच दोन वेण्यांची आणि उलट बोलणारी. गोरेगावला जायची टपालाची सीलबंद थैली गावच्या पोस्टातून गायब होते, आणि ही तिघं शेतांच्या धुऱ्यांवरून, बांधाबांधानं सायकली हाकत तिचा माग काढतात. मी संध्याकाळी हस्तलिखिताची पानं तपासायची. माझ्या वहीत तीन रकाने होते : पात्र, कुठल्या दिवशी कुठे होतं, अंगात काय कपडे. डाकबाबूंना हा तक्ता फार आवडला. दर रविवारी ते त्यावर शिक्का मारत.

मात्र स्वतः तपासल्याशिवाय ते एक ओळही लिहीत नसत. नवव्या प्रकरणात संशयित दरेकशा स्टेशनात गाडीतून उडी टाकतो आणि मुलं येईपर्यंत झाडीत नाहीसा होतो. "उडी टाकून झाडीपावतर किती टाइम लागते?" त्यांनी मला विचारलं. मला कसं ठाऊक असणार? पुढच्या रविवारी आम्ही पॅसेंजरनं दरेकशाला गेलो. माझ्या हातात घड्याळ, आणि सदुसष्ट वर्षांचे डाकबाबू धोतराचा काचा मारून प्लॅटफॉर्मवरून झाडीकडे पळतात. पहिल्या खेपेला चप्पल निघाली. दुसऱ्या खेपेला स्टेशनातला एक कर्मचारी त्यांच्यामागे पळाला.

"अरे बाबूजी, हुआ क्या? किसने क्या लिया?"

"अभी किसीने नहीं लिया," डाकबाबू धापा टाकत म्हणाले. "नवव्या प्रकरणात घेनार आहे."

कर्मचाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, एक मिनिट दहा सेकंद. तो निघून गेला.

आता चोराबद्दल. कादंबरीतला चोर धानगिरणी चालवणारा माणूस होता. कानावर पेन्सिल, तोंडात सतत शीळ, डावा खांदा किंचित खाली. नाव मधुकर. आमच्या समोरच्या धानगिरणीवाल्याचं, म्हणजे चेतनाच्या वडिलांचं नाव मनोहर. कानावर पेन्सिल, तोंडात सतत शीळ, डावा खांदा किंचित खाली. मी हे वेळेवर निदर्शनास आणून दिलं होतं, तशी नोंद माझ्या वहीत आहे. डाकबाबू म्हणाले, "चाळीस वर्षं पोस्टाच्या खिडकीतून मले तोच दिसला. दुसरा मानूस आनू कुठून?"

आणि खरं सांगायचं तर मनोहरभाऊंना त्याचं कौतुकच वाटलं. गोंदियाहून छापील प्रती आल्या, डाकबाबूंनी त्या आपल्या फेरीतल्या पाच गावांत घरोघरी पोचवल्या, पोचपावत्या घेतल्या. मनोहरभाऊंनी पहिली दोन प्रकरणं वाचली. त्यात मधुकर सायकलचा पंप देऊन मुलांना मदत करतो. तेवढ्यावर त्यांनी गिरणीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "माह्यावर पुस्तक निघालं, भाऊ!" त्यांच्या थोरल्या मुलीची, रेखाची सोयरीक आमगावकडे ठरत आली होती, साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायची बाकी होती. मनोहरभाऊ होणाऱ्या विहीणबाईंकडे गेले ते हातात पेढे आणि पेढ्यांवर पुस्तक ठेवून. शेवटचं प्रकरण त्यांनी वाचलंच नव्हतं.

विहीणबाईंनी वाचलं.

चौथ्या दिवशी निरोप आला : तारीख काढायची घाई करू नका, आम्ही विचार करून राहिलो.

चेतना पुस्तक घेऊन आमच्या ओसरीवर आली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज चढा होता. "डाकबाबू, ताई जेवत नाही. बाबा गिरणी लावून नुसते उभे राहतात. शीळ बंद आहे. तुम्ही चोर केलं माझ्या बाबाला!"

"अवो, ते मधुकर हाय, कल्पित."

"कोणाला माहीत आहे कल्पित?"

तिचं बरोबर होतं. खोटी गोष्ट कोणत्याही दुसऱ्या माणसानं लिहिली असती तर लोकांनी ती गोष्ट म्हणून वाचली असती. पण हे लिहिलं होतं डाकबाबूंनी. गावाचा हिशेब सरळ होता : या माणसानं चाळीस वर्षं सगळ्यांचं वाचलं, पोटात ठेवलं, आणि आता रिटायर झाल्यावर जे माहीत होतं ते छापून टाकलं. नावं बदलली, तेवढी माणुसकी.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही दोघं आमगावला गेलो. विहीणबाई अंगणात धान पाखडत होत्या. ठसठशीत, मोठ्या आवाजाची बाई. त्यांचं माहेर डाकबाबूंच्या फेरीतलं, त्यामुळे त्यांनी डोक्यावर पदर घेतला, पाट दिला, चहा दिला. पण मुद्द्यावर येताच सूप खाली ठेवलं.

"बाई, ते पुस्तक म्हंजे गोष्ट आहे," डाकबाबू म्हणाले. "मनोहरनं काई चोरलं नाई."

"मंग लिवलं काऊन?"

"मनानं लिहिलं."

"तुमी? मनानं?" त्या हसल्या. "डाकबाबू, माह्या मायची म्हैस जिती होती त तुमी मेली म्हनून लिवली नाई. अन् एका भल्या मानसाले उगीच चोर लिवसान? मले लहान पोट्टी समजता का जी?"

म्हशीची ती बाई यांची आई होती! डाकबाबू माझ्याकडे पाहू लागले. माझ्याकडे या बाबतीत कोणतीही यादी नव्हती.

"पोरगी चांगली हाये," विहीणबाई म्हणाल्या. "मले पसंत हाये. पन चोराची पोरगी म्हनून लोक बोलतीन त मी कायले आयकू? तो मानूस चोर नाई म्हनता ना? त मंग खरा चोर कोन ते लिवून आना. मंग पाहू."

 घरी आलो तर चेतना ओसरीवरच बसलेली. तिनं रात्रभर पुस्तक पुन्हा वाचलं होतं आणि पानात वहीचा कागद घातला होता.

"डाकबाबू, तुमचं चुकलं आहे. तुमच्या पुस्तकातच." तिनं सतरावं प्रकरण उघडलं. "मधुकर थैली उचलून पोस्टातून बाहेर जातो. फरशी पुसलेली, ओली. मुलं फरशी तपासतात आणि त्यांना काहीच सापडत नाही. बरोबर? बाबा गिरणीतून घरात आले तर दारापासून न्हाणीपर्यंत कोंडा सांडतो. केसात कोंडा, चपलेत कोंडा. आई रोज ओरडते. गिरणीवाला ओल्या फरशीवरून गेला आणि कोंड्याचा एक कण नाही? मग तो गेलाच नव्हता."

डाकबाबूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. रस्त्यापलीकडच्या गिरणीकडे पाहिलं. तिचा उंबरठा, पायऱ्या, समोरचा रस्ता, सगळं कोंड्यानं पिवळट पांढरं. चाळीस वर्षं समोर होतं.

"पोरी," ते म्हणाले, "तू पास. मी नापास." मग उठून त्यांनी शिक्का आणला आणि चेतनाच्या त्या वहीच्या कागदावर तारीख उठवली.

दुसऱ्या दिवसापासून गावात बातमी : डाकबाबू शेवट बदलणार, चोराची जागा रिकामी आहे. आमच्या ओसरीवर माणसं येऊ लागली. सरपंचबाईंचे मालक आले, हवापाण्यावर बोलले आणि जाताना सहज विचारावं तसं म्हणाले, "माही गोष्ट त नाई ना तुमच्या डोक्यात?" अंगणवाडीच्या मदतनीस बाई आल्या त्या थेटच. "सांगून ठेवतो, मी थैलीले हात बी नाई लावला." कोणती थैली, हे त्यांनाही माहीत नव्हतं. चांगली माणसं होती सगळी, पण प्रत्येकाच्या मनात काहीतरी होतं जे डाकबाबूंनी कधीतरी एखाद्या पत्रात वाचलेलं असणार.

डाकबाबू पाच दिवस फेरीला गेले नाहीत. सहाव्या दिवशी त्यांनी शेवटच्या प्रकरणाची पानं माझ्या टेबलावर ठेवली. मी वाचली. थैली कोणीच पळवलेली नव्हती. ती पोस्टमास्तरानंच लपवली होती. एका गरिबाची मनीऑर्डर त्यानं एक दिवस उशिरा टाकली, ती चूक उघड होऊ नये म्हणून. दोन वेण्यांची मुलगी त्याला त्याच्याच खुर्चीत पकडते.

"हे कशाला?" मी विचारलं. "लोक खरं मानतील."

"मानतीन."

"मग?"

"मंग का? दुसऱ्या कोनाले चोर केला त त्याच्या घरी पोरगी असन, पोरगा असन, सोयरीक असन. माह्या घरचे सारे लग्नं झाले." त्यांनी पानांच्या कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या. "अन् मॅडम, पोस्टमास्तरच्या चपलेले कोंडा नसते. पुराव्यात बसते."

वाटपाची यादी माझ्याकडे होतीच. नव्या प्रकरणाची पानं छापून आली आणि आम्ही जुन्या फेरीच्या क्रमानं निघालो. घरात जायचं, जुनं शेवटचं प्रकरण ब्लेडनं कापून घ्यायचं, नवं खळीनं चिकटवायचं, यादीत खूण करायची. आमगाव फेरीबाहेरचं, म्हणून शेवटी. मी म्हटलं, आधी तिकडे जाऊ, तिथं घाई आहे. पण ते म्हणाले, "क्रम म्हंजे क्रम." काही घरांनी जुनं प्रकरण द्यायला साफ नकार दिला. त्यांना दोन्ही शेवट हवे होते. मी त्यांच्यापुढे 'दोन चोर' असं लिहिलं.

दुसऱ्या गावापासून चेष्टा सुरू झाली. "डाकबाबू, माह्या बहिनीची राखी आली नोती, त्याच थैलीत होती का जी?" ते हसत. तिसऱ्या गावी मात्र एक म्हातारे गृहस्थ, ज्यांची पत्रं डाकबाबूंनी आयुष्यभर वाचली होती, नवं प्रकरण वाचून म्हणाले, "तुमच्याकडून असं नोतं वाटलं." आणि आमच्यासाठी मांडलेला चहा तसाच ठेवून आत गेले. त्या घरासमोर डाकबाबू सायकल धरून जरा जास्तच वेळ उभे राहिले. मी यादीत खूण करायची विसरले. मागून केली.

आमगावला आम्ही तिघं गेलो. मनोहरभाऊ यायला तयार नव्हते, चेतनानं त्यांना बळेच पाठवलं. अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून आले होते, तरी एसटीच्या सीटवर त्यांच्या मागे बारीक कोंडा राहिलाच. विहीणबाईंच्या ओसरीवर अगदी कडेला बसले.

डाकबाबूंनी पानं पुढे केली. "खरा चोर लिहून आनला, बाई."

त्या चष्मा लावून ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागल्या. अर्ध्या तासानं पोस्टमास्तराच्या खुर्चीपर्यंत आल्या. बोट थांबलं. पुन्हा मागे गेलं, पुन्हा त्या ओळीवर आलं.

"हे कोन्या पोस्टमास्तरचं हाये?"

"त्या गावात एकच होता," डाकबाबू म्हणाले.

"तुमी?"

"लिहिलं आहे तसं."

विहीणबाई उठून उभ्या राहिल्या. "काई बी सांगता काय जी! लग्न झाल्यावर माह्या बापाच्या चिठ्ठ्या यायच्या. पान्यापावसात, पूर आला तरी. तुमी मायेरच्या पोस्टातून एक चिठ्ठी एक दिवस उशिरा टाकली नाई. अन् मनीआर्डर दाबली म्हंता? खोटं हाये हे!"

"पुस्तकात आहे," डाकबाबू हळूच म्हणाले.

"पुस्तकात असन! पुस्तकात मानूस मनानं काई बी लिवते! पुस्तकात हाये म्हनून का खरं होते?"

अंगणात कोंबड्या धान टिपत होत्या.  डाकबाबू खाली मान घालून बसले होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. आनंदानं की लाजेनं, मला कळलं नाही. विहीणबाईंचं तोंड अजून उघडंच होतं. त्यांनी हातातल्या पानांकडे पाहिलं, मग डाकबाबूंकडे, मग ओसरीच्या कडेला इस्त्रीचा सदरा सावरून बसलेल्या मनोहरभाऊंकडे. बराच वेळ पाहिलं.

मग त्यांनी चष्मा काढला, पानं दुमडून बाजूला ठेवली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि आत हाक मारली :

"अवो, पाट आना. व्याही कडेले बसले हायेत."